ॲलन पेज: मैदान, युनियन आणि न्यायासन

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. अमेरिकन फुटबॉल खेळणारा ॲलन पेज खरोखरच मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला का? झाला असेल, तर खेळातून निवृत्त झाल्यावर नावाच्या जोरावर निवडून आला का? आणि राज्य पातळीवर कबड्डी खेळणाऱ्या तुमच्या मुलीला वकील व्हायचंय, तर तिला त्याच्याकडून काही घेता येईल का? कामगार कायदा आणि करारांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, खेळाडूंचे करारही टेबलावर येत असतात, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

पहिल्याचं उत्तर सरळ हो असं आहे. जानेवारी 1993 पासून ऑगस्ट 2015 पर्यंत तो त्या न्यायालयावर होता आणि तिथला पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होता. दुसऱ्या प्रश्नात मात्र तुम्ही जे धरून चालला आहात ते बरोबर नाही. पेज खेळ संपवून कायद्याकडे वळला, असं त्याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो खेळत असतानाच कायद्यात शिरला, खेळाडूंच्या युनियनमधून शिरला आणि त्याची किंमत त्याने मैदानावर मोजली. हे नीट कळलं तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं जाईल.

पेजचा जन्म 1945 चा, ओहायोतल्या कँटनचा. पोलाद कारखान्यांचं गाव. तेरा वर्षांचा असताना आई गेली. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल 1954 मध्ये आला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्या निकालाचा आणि टीव्हीवरच्या पेरी मेसन या वकिलाचा उल्लेख त्याने पुढे अनेकदा केला आहे. म्हणजे वकिलीची ओढ फुटबॉलच्या आधीची. याच कँटनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाचं दालन, उभं राहत होतं, तेव्हा हा पोरगा त्या बांधकामावर मजूर म्हणून कामाला होता. 1988 मध्ये त्याच वास्तूत त्याचा सन्मान झाला. एखाद्या कादंबरीत हे आलं असतं तर लेखकाने ओढूनताणून आणलंय असं मी म्हणालो असतो.

नोत्र दाम विद्यापीठाच्या 1966 च्या विजेत्या संघात तो होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध गाजलेला सामना 10-10 असा बरोबरीत सुटला. मिशिगन स्टेटच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू भरपूर होते, नोत्र दामच्या संघात एकच होता, पेज. 1967 मध्ये राज्यशास्त्राची पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात ती पद्धत) मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं.

खेळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे हा खेळ पाहणारे कमी. पेज डिफेन्सिव्ह टॅकल होता. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो आणि त्याच्याभोवती तीनसाडेतीन मणांचे गडी भिंतीसारखे उभे राहतात. टॅकलने ती भिंत फोडून क्वार्टरबॅकला गाठायचं. तुमच्या मुलीला सांगायचं तर चढाईवाल्याचं काम, फक्त समोर सात जण वाट पाहत उभे नाहीत, ते अंगावर येतात. पेज त्या जागेच्या मानाने हलका होता, जेमतेम 245 पौंडांचा, पण चेंडू हलताक्षणी त्याची हालचाल इतकी झटपट असे की समोरचा सावरेपर्यंत तो पलीकडे पोचलेला असायचा. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज अशी व्हायकिंग्जची चौकडी होती. जर्सीच्या जांभळ्या रंगावरून लोक त्यांना पर्पल पीपल ईटर्स म्हणत.

1971 मध्ये असोसिएटेड प्रेसचा त्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला मिळाला. बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता आणि नंतरही फक्त एकदाच, 1986 मध्ये लॉरेन्स टेलरला मिळाला. व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, पोचले आणि चारही वेळा हरले. सगळ्या पराभवांत पेज मैदानावर होता.

आता मुद्द्याकडे येतो. 1970 पासून पेज संघातर्फे खेळाडूंच्या युनियनचा प्रतिनिधी होता आणि पुढे युनियनच्या कार्यकारिणीवरही गेला. त्या काळात हे काम करणारा खेळाडू मालकांच्या डोळ्यांत खुपत असे. 1974 मध्ये खेळाडूंनी संप केला. मागणी फक्त पैशाची नव्हती, करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याची मोकळीक त्यांना हवी होती.

ही मोकळीक अडवत होता रोझेल नियम. एनएफएल या व्यावसायिक संघांच्या लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने तो ओळखला जाई. 1962 मध्ये आर. सी. ओवेन्स नावाचा खेळाडू करार संपवून सॅन फ्रान्सिस्कोहून बाल्टिमोरला गेला. मालक हादरले आणि 1963 मध्ये त्यांनी एकतर्फी नियम केला. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला, तर त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोघांचं जमलं नाही तर आयुक्त ठरवतील: खेळाडू द्या, ड्राफ्टमधला हक्क द्या. काय द्यावं लागेल ते आधी कळणार नाही.

कागदावर खेळाडू मोकळाच होता. पण त्याला घेण्याची किंमत काय पडेल हे माहीत नसताना कोण घेईल? 1963 ते 1974 या काळात 176 खेळाडूंनी करार पूर्ण संपवून बाहेर पडण्याचा मार्ग धरला. त्यातले फक्त 34 दुसऱ्या संघात जाऊ शकले. या 34 पैकी तिघांच्या बाबतीत जुन्या संघाने भरपाई सोडून दिली, 27 प्रकरणं आपसात मिटली आणि आयुक्तांनी स्वतः भरपाई ठरवली ती फक्त चार वेळा. नवीन वकिलांना करार वाचायला शिकवताना मी हे आकडे नेहमी दाखवतो. जाचक कलम रोज वापरावं लागत नाही. ते कागदावर आहे एवढ्यानेच माणूस जागचा हलत नाही.

1972 मध्ये जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी मिनियापोलिसच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. वादींमध्ये ॲलन पेजचं नाव होतं. खटला 55 दिवस चालला आणि साक्षीपुराव्याची टिपणं अकरा हजार पानांच्या वर गेली. न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी 1975 मध्ये नियम बेकायदा ठरवला. 1976 मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण वेगळ्या कारणांनी, आणि ती कारणं वाचण्यासारखी आहेत.

लीगचा बचाव असा होता की हा नियम युनियनशी झालेल्या सामूहिक करारात समाविष्ट आहे, आणि युनियन व मालक यांच्या वाटाघाटीतून आलेल्या अटींना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट असते. अपील न्यायालयाने विचारलं की या नियमावर खरी घासाघीस झाली का? नाही झाली. नियम मालकांनी 1963 मध्ये लादला, पुढे करारात तो जसाच्या तसा आला आणि त्याच्या बदल्यात युनियनच्या पदरात काहीच पडलं नाही. मग सूट कशाची? असा नियम मुळातच बेकायदा असतो असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. वाजवीपणाच्या कसोटीवर तो टिकत नाही, एवढंच म्हणालं आणि दोन्ही बाजूंनी टेबलावर बसून मार्ग काढावा असं सुचवलं.

पुढे काय झालं ते युनियनच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोर्टात जिंकलेल्या मोकळिकीचा मोठा भाग 1977 च्या सामूहिक करारात युनियनने परत देऊन टाकला. भरपाई वेगळ्या स्वरूपात राहिली आणि जुन्या संघाला समोरच्या प्रस्तावाची बरोबरी करून खेळाडू राखण्याचा पहिला हक्क मिळाला. खऱ्या अर्थाने मोकळा बाजार आला तो 1993 मध्ये.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा आहे असं समजू नका. श्रीरामपूरचा झहीर खान आणि त्याची व्यवस्थापन कंपनी परसेप्ट डी'मार्क यांच्यात नेमका याच पहिल्या हक्कावरून वाद झाला होता. करार संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला बरोबरीची संधी द्यायची, असं कलम होतं. मुंबई उच्च न्यायालयात एकल न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाची बाजू उचलून धरली. भारतीय करार कायद्याच्या कलम 27 नुसार धंद्यावर निर्बंध घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, आणि कराराची मुदत संपल्यावर चालणारं असं बंधन त्यात बसतं. खेळाडूंचे करार पाहणाऱ्याला हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत.

पुन्हा पेजकडे येऊ. कायद्याच्या शिक्षणाचा त्याचा पहिला प्रयत्न फसला. व्यावसायिक फुटबॉलच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याने सेंट पॉलच्या विल्यम मिचेल कॉलेजात नाव घातलं आणि काही आठवड्यांतच सोडून दिलं. मधल्या वर्षांत युनियनचं काम झालं, खटला झाला. त्यानंतर तो मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये दाखल झाला आणि 1978 मध्ये पदवी घेतली. माझ्या मते दोन प्रयत्नांतला फरक हुशारीचा नाही. पहिल्या वेळी त्याच्यापुढे पुस्तकं होती. दुसऱ्या वेळी बाजारातली स्पर्धा, सामूहिक सौदा, वाजवीपणा हे सगळं त्याने स्वतःच्या पगारावर आणि स्वतःच्या संघात भोगलेलं होतं. आमच्या धंद्यात अशील होऊन बसलेला माणूस कायदा लवकर शिकतो.

त्याच सुमारास त्याने पळायला सुरुवात केली. बायको डायन सिगारेट सुटावी म्हणून पळत होती, तिच्यासोबत हाही निघाला आणि त्याला गोडी लागली. वजन 220 पौंडांच्या आसपास उतरलं. डिफेन्सिव्ह टॅकलचं वजन असं उतरणं प्रशिक्षक बड ग्रँट यांना मान्य होणं शक्य नव्हतं. ऑक्टोबर 1978 मध्ये, म्हणजे पदवी घेतली त्याच वर्षी, मोसम चालू असताना व्हायकिंग्जने त्याला मोकळं केलं. शिकागो बेअर्सने त्याला शंभर डॉलरच्या ठरलेल्या शुल्कावर उचललं. सात वर्षांपूर्वीचा सर्वोत्तम खेळाडू शंभर डॉलरला! युनियनचं काम, लॉ स्कूल आणि वजन यांतलं कुठलं कारण किती जड होतं यावर लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर एकच कारण धरून बसण्यात अर्थ नाही. पण खेळाशिवाय दुसरं काहीतरी ज्याच्या डोक्यात चालू आहे असा खेळाडू व्यवस्थापनाला अस्वस्थ करतो, हे मी इथेही पाहिलं आहे.

त्यानंतरची चार मोसमं तो बेअर्सकडून खेळला. इथे एक हिशेब करून पाहा. 1967 ते 1977 अशी अकरा मोसमं 14 सामन्यांची, म्हणजे 154. नंतरची चार 16 सामन्यांची, म्हणजे 64. बेरीज 218. पेजच्या नावावर साखळीतले सामने किती? 218. पंधरा वर्षांत एकही चुकला नाही. लॉ स्कूलची वर्षं यातच आली, आणि मध्येच संघ बदलला ते 1978 सालही. 1979 मध्ये मॅरेथॉन पूर्ण करणारा तो लीगमधला पहिला सक्रिय खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षापासून मोसम नसताना मिनियापोलिसच्या लिंडक्विस्ट अँड व्हेनम या फर्ममध्ये कामाला लागला. म्हणजे 1981 मध्ये खेळ सुटला तेव्हा तो आधीच वकील होता.

1984 पर्यंत तो फर्ममध्ये होता. 1985 पासून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात सरकारी वकील. तिथल्या वर्षांबद्दल लोक फारसं लिहीत नाहीत, कारण त्यात गोष्ट नाही. पण वकील घडतो तो अशाच वर्षांत.

आता नावाच्या जोराचा मुद्दा. मिनेसोटात न्यायमूर्तींची निवडणूक होते, सहा वर्षांसाठी आणि पक्षाच्या चिन्हाविना. प्रत्यक्षात खुली निवडणूक क्वचितच होते, कारण न्यायमूर्ती मुदत संपण्याआधी राजीनामा देतात, गव्हर्नर जागा भरतात आणि नेमलेला माणूस पुढच्या निवडणुकीत विद्यमान न्यायमूर्ती म्हणून उभा राहतो. मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढे तसा उल्लेखही असतो. अशी पद्धत पडली की बाहेरच्याला शिरायला फट उरत नाही.

1992 मध्ये न्यायमूर्ती लॉरेन्स येटका यांची मुदत संपत होती. गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी निवृत्तिवेतनाशी जोडलेल्या एका तरतुदीच्या आधारे ती वाढवली, त्यामुळे त्या वर्षीची निवडणूकच टळली. पेजला त्याच जागेसाठी उभं राहायचं होतं. तो कोर्टात गेला. ज्या न्यायालयात जायचं त्याच न्यायालयातल्या जागेचा वाद, म्हणून विद्यमान न्यायमूर्ती बाजूला झाले आणि त्यांच्या जागी इतर न्यायाधीश बसवून पेज विरुद्ध कार्लसन हे प्रकरण ऐकलं गेलं. निकाल पेजच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि तो जिंकला.

तेव्हा नावाचा उपयोग झालाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. व्हायकिंग्जच्या राज्यात ॲलन पेज हे नाव मतपत्रिकेवर असणं ही लहान गोष्ट नव्हती. पण ते नाव मतपत्रिकेपर्यंत पोचलं दाव्यामुळे. 1998, 2004 आणि 2010 मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि सत्तरी गाठल्यावर, तिथल्या कायद्यानुसार, 2015 मध्ये निवृत्त झाला.

न्यायासनावरचं एक प्रकरण सांगतो. 2008 च्या सिनेट निवडणुकीत नॉर्म कोलमन आणि अल फ्रँकन यांच्यात सुमारे 29 लाख मतांमधून शेवटी 312 मतांचा फरक उरला. मुख्य न्यायमूर्ती आणि आणखी एक न्यायमूर्ती आधी मतमोजणीच्या मंडळावर बसले होते, म्हणून ते या सुनावणीपासून दूर राहिले. सर्वांत ज्येष्ठ म्हणून पेजने पाच जणांच्या पीठाचं अध्यक्षपद सांभाळलं. जून 2009 च्या अखेरीस एकमताने निकाल आला, फ्रँकन जिंकले. निकालपत्रावर कोणा एका न्यायमूर्तीचं नाव नाही, ते सगळ्या पीठाचं आहे. सगळा देश पाहत असताना पाच जणांनी एका आवाजात बोलणं किती अवघड असतं, हे खंडपीठापुढे उभं राहिलेल्या कोणालाही विचारा.

बाकीचं भरभर सांगतो. हॉल ऑफ फेमच्या सन्मानाच्या वेळी त्याने आपली ओळख करून द्यायला एखाद्या प्रशिक्षकाला किंवा सहखेळाडूला न बोलावता मिनियापोलिसच्या एका शाळेच्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिकेला बोलावलं आणि भाषण शिक्षणावर केलं. त्याच वर्षी डायनसोबत पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने लहान मुलांना शिकवण्यासाठी वेळ द्यायचा, ही तिची अट. 2018 मध्ये त्याला अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, त्याच्या काही आठवडे आधी डायन वारली होती. 2020 मध्ये त्याने मिनियापोलिस फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्करी (मूळचं काश्मिरी घराणं) यांच्यासोबत दर्जेदार शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरवणारी राज्यघटनेची दुरुस्ती सुचवली. डाव्या हाताची करंगळी फुटबॉलमध्ये मोडून काटकोनात वळली ती तशीच राहिली, त्यावर मुलीसोबत बालपुस्तकही लिहिलं. आणि ट्विन सिटीज मॅरेथॉन घरावरून जाते त्या दिवशी हे माजी न्यायमूर्ती रस्त्याकडेला भलंमोठं सूसाफोन (अंगाभोवती अडकवायचं पितळी वाद्य) वाजवत धावणाऱ्यांना चेव आणत उभे असतात.

आता तुमची मुलगी. पेजचा रस्ता इथे जसाच्या तसा चालणार नाही, कारण आपले नियम वेगळे आहेत. पहिला अडसर हजेरीचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते, अपवाद म्हणून 65 पर्यंत सूट मिळू शकते. स्पर्धा आणि शिबिरांचं वेळापत्रक हातात घेऊन प्रवेशाआधीच प्राचार्यांशी बोला, आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

दुसरा अडसर जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल खेळाडूंना कोणी सांगत नाही. चांगल्या कबड्डीपटूंना रेल्वे, पोलीस, बँका क्रीडा कोट्यातून नोकरी देतात, आणि बहुतेक घरांत ती नोकरी हेच खेळण्याचं फळ मानलं जातं. पण बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. पेजला मोसम नसताना फर्ममध्ये बसता आलं, तसं रेल्वेत असलेल्या तुमच्या मुलीला सनद घेऊन कोर्टात उभं राहता येणार नाही. नियमित एलएलबी करायची तरी खात्याची परवानगी आणि हजेरी यांचा मेळ बसवावा लागेल. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर आणखी एक गोष्ट पाहा: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिली केलेली असावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 च्या निकालात पुन्हा घातली. नोकरीतली वर्षं त्या वकिलीत धरली जात नाहीत.

म्हणून क्रम ठरवताना मी असं सुचवेन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यायचा, सीईटी द्यायची, आणि त्या काळात विद्यापीठाकडून खेळायचं. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी हजेरीत सवलत मागणं सोपं जातं. नोकरीचा प्रस्ताव मधेच आला तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा. काही खाती ऐकतात, काही नाही ऐकत. आणि कुठल्याही संघाचा किंवा व्यवस्थापन कंपनीचा करार समोर आला, तर करार संपल्यानंतरची कलमं आधी वाचा, पैशाचं पान नंतर. त्यात पहिला हक्क, बरोबरीची संधी असे शब्द दिसले तर सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा.